विंगेतली वही

तात्या,

तुम्हाला वाचता येत नव्हतं, हे मला परवा बारामतीत कळलं. तेही भरल्या नाट्यगृहात, स्टेजवर, खांद्यावर शाल आणि हातात नारळ असताना. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली. मी बावन्न वर्षांची आहे आणि त्यातली अठ्ठावीस वर्षं शाळेत मराठी शिकवण्यात गेली. कुठलं पोर वाचताना अंदाजानं ठोकून देतंय, हे मला वर्गाच्या दारातूनच कळतं, असं बाकीच्या बाई म्हणतात. आणि माझ्या स्वतःच्या घरात, रोज माझ्यासमोर पेपर धरून बसणारा माणूस मला कळला नाही. दोन दिवस झाले, मी कामं करते, जेवते, लोकांशी बोलते, पण आतून अजून धक्क्यातच आहे. अक्षर वाकडंतिकडं आलंय, सांभाळून घ्या असं लिहिणार होते, तेवढ्यात हात थांबला.

गेले आठ दिवस बारामतीत जिकडंतिकडं कार्यक्रम चाललेत. कालव्याच्या कडेच्या भिंती पोरापोरींनी चित्रांनी भरून टाकल्यात, शाळेच्या मैदानावर रांगोळ्या, एमआयडीसीतल्या कामगारांचं भजन, संध्याकाळी नाट्यगृहात एकांकिका. त्यातच एक दिवस जुन्या हौशी नाटकवाल्यांचा सत्कार ठेवला होता. संयोजकांतल्या एका मुलीचा फोन आला, तुमच्या वडिलांचा मरणोत्तर सत्कार आहे, घरातलं कुणी तरी या. मला आधी वाटलं नाव चुकलं असेल. साखर कारखान्याच्या नाटकात हिरो होते, व्हिलन होते, पेटीवाले होते. विंगेतून वाक्यं पुरवणाऱ्या प्रॉम्प्टरचा कुणी सत्कार करतं का? त्यातून ज्या प्रॉम्प्टरनं स्पर्धेचं नाटक बुडवलं त्याचा? मी जवळजवळ नाहीच म्हणणार होते. कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर असलेल्या काकांनी तुमचं नाव सुचवलंय म्हणाली, म्हणून गेले. तुमचे दोस्त काका. कायम हिरोचं काम त्यांचंच. आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत, काठी घेऊन चालतात, पण माईक हातात आला की अजून छाती पुढं काढतात.

त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ प्रेक्षकांना म्हणाले, "ह्यानं बारा वर्सं आमाला प्रॉम्प्टिंग केलं. आमी शब्द विसरलो, ह्यो कधी विसरला न्हाय. आज त्यो न्हाय म्हणून सांगतो. त्याला अक्षरवळख नव्हती. सही तेवढी गिरवून शिकला होता. वही धरायचा ती लोकांना दाखवायला." पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. काका थांबले, हसू विरेपर्यंत थांबले, मग म्हणाले, "हसू नका. अख्खं नाटक पाठ असायचं त्याला. सगळ्यांचं." मग टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेचनात. मी तिथं उभी. माझा चेहरा कसा झाला होता कुणास ठाऊक. शेजारच्या बाईंनी माझ्या हातातला नारळ काढून घेतला, पडेल म्हणून.

आता मागं वळून बघते तर सगळं डोळ्यांसमोर होतं. भवानीनगरच्या क्वार्टरमधलं आपलं स्वयंपाकघर. आई भाकरी थापतेय, तुम्ही बॉयलरवरची ड्यूटी करून आलाय, पाटावर बसलाय, पेपर उघडून माझ्याकडं सरकवताय. "वाच मोठ्यानं. वाणी सुधारती." मी वाचतेय. खेळायला जायची घाई म्हणून मधली एक ओळ गाळून पुढं जातेय, आणि तुम्ही डोळे मिटलेलेच, म्हणताय, "हितं कायतरी सुटलं. जोड बसंना." मी चरकून बघते, तर खरंच ओळ सुटलेली. मला वाटायचं, तुम्ही सकाळीच सगळा पेपर वाचून ठेवता आणि माझी परीक्षा घेता. एकदा शाळेच्या प्रगतिपुस्तकावर बाईंनी माझी तक्रार लिहिली होती, ती तुम्हाला भीत भीत दाखवली. तुम्ही पान बराच वेळ बघितलंत, सही केलीत आणि म्हणालात, "पुन्हा असं व्हता कामा न्हाय." मी आठवडाभर तुमच्या धाकात होते. आता विचार करते, काय व्हता कामा न्हाय, हे तुम्हाला तरी कुठं ठाऊक होतं? यावर मला हसू यायला हवं. येत नाही. आईला माहीत असणार. चौथीपर्यंत शिकलेली होती ती. तीही बोलली नाही आणि आता तीही नाही.

पण मी हादरलेय ती यानं नव्हे. नाट्यगृहातून बाहेर पडले, गाडीची किल्ली पर्समध्ये शोधत होते आणि एकदम ते पत्र आठवलं. त्यानंतर काय झालं, गाडी कशी चालवली, मला सांगता येणार नाही.

मी पुण्याला हॉस्टेलवर होते. ऑफ सीझनला, उसाचं गाळप बंद असताना, तुमच्या कारखान्याचं नाटक बारामतीला स्पर्धेत होतं. माझे वडील नाटकात आहेत अशी मी खोलीतल्या तीन मैत्रिणींपुढं शेखी मिरवली होती आणि त्यांना घेऊन आले होते. नाटक लांबत होतं म्हणून दिग्दर्शकांनी त्याच दिवशी दुपारी एक प्रवेश कापला, नटांना तोंडी सांगितलं आणि तुमच्यासाठी वहीत समासात तशी सूचना लिहून ठेवली. दुसऱ्या अंकात नेमके काका त्याच सांध्यावर अडले. तुम्ही विंगेतून वाक्य दिलंत, कापलेल्या प्रवेशाचं. काकांनी ते उचललं, समोरच्यानं पुढचं उचललं, आणि अख्खा प्रवेश झाला. वेळ संपली, पडदा पाडला, नाटक बाद. सगळे तुमच्यावर तुटून पडले. "डुलकी लागली हुती," एवढंच तुम्ही म्हणालात. माझ्या मैत्रिणी तोंड दाबून हसत होत्या. मी तुम्हाला न भेटताच निघून गेले.

आठवड्यानं मी तुम्हाला पत्र लिहिलं. मुद्दाम कारखान्याच्या पत्त्यावर टाकलं, आईच्या हाती लागू नये म्हणून. चार पानं. त्यातलं एक वाक्य मला अजून आठवतं: 'समोर लिहिलेलं साधं वाचता येत नसेल तर माणसानं विंगेत उभं राहू नये.' तात्या, मी हे लिहिलं होतं. तुम्हाला.

तुमचं उत्तर आलं नाही. दिवाळीला घरी आले तर तुम्ही नेहमीसारखे, हवापाण्याच्या गप्पा. पुढं तुम्ही कधी नाटकाला गेला नाहीत. मी मनाशी ठरवून टाकलं की तुम्ही दगड आहात, मुलीचा राग कळायलासुद्धा काळीज लागतं. तुम्ही गेलात तोवर, पुढची सात वर्षं, मी तुमच्याशी कामापुरतं बोलत राहिले.

काल सकाळी काकांच्या घरी गेले. व्हरांड्यात बसले होते. परवानगी न घेता स्टेजवर सांगितलं म्हणून मी रागावलेय असं त्यांना वाटलं. मी एकच विचारलं, "काका, माझं पत्र तात्यांना कुणी वाचून दाखवलं?"

"आन कोन? म्याच," काका म्हणाले. "काट्यावर आला. वही बी मीच वाचून दावायचो न्हवं त्याला, तसंच. म्हनला, पोरीचं पत्र आलंय, घरी दावता येत न्हाय."

"सगळं वाचलंत?"

"मधी थांबलो मी. म्हनलं ऱ्हाऊ दे. तर म्हनला, वाच. झालं वाचून, तर म्हनला, पुन्ना वाच. दुसऱ्यांदा झालं, घडी घालून खिशात टाकलं. मग आमी चहाला निगालो आन वाटंनं त्यानं मला ते म्हनून दावलं. चारी पानं. कुठं थांबायचं, कुठं जोर द्यायचा, समदं बराबर." काकांनी काठीवरचा हात उचलून डोळे पुसले. "म्हनला, लिवलंय मात्र झकास. एक शबुद जास्त न्हाय."

"तुम्ही सांगायचं नाहीत का मला? कुणीतरी?"

"त्यानं शपथ घातली हुती. शिकलेल्या पोरीला बापाची लाज वाटंल म्हनला."

मला तिथं बसवेना. मी काकांच्या पाया पडले आणि निघाले.

हे पत्र कुठं जाणार नाही, हे उघड आहे. तुम्ही असतात तरी ते काकांनीच वाचून दाखवलं असतं, आणि आता जे लिहितेय ते काकांच्या तोंडून ऐकायची माझी छाती नाही. ते चार पानांचं पत्र टाकायच्या आधी मी हॉस्टेलच्या खोलीत उभं राहून मैत्रिणींना वाचून दाखवलं होतं. अगदी नाटकासारखं, हातवारे करून. त्या हसल्या. विंगेत उभं राहू नये, हे वाक्य पहिल्या खर्ड्यात नव्हतंच. त्यांना आणखी हसवायला मी ते मागनं घातलं.