सरळ रस्त्यावरची बहीण

डेटलेफ,

"मोटरसायकलवर मागे बसणाऱ्याने फक्त वळणावर माझ्याबरोबर झुकायचं," असं तू लग्नाआधी म्हणाला होतास. वीस वर्षं मी झुकले. यंदाच्या युरोप दौऱ्यात तू एकोणीस घाट बसवलेस. तुझ्या वाटेपासून चाळीस किलोमीटरवर, ग्राझ शहरातल्या हॉस्पिटलात, माझी बहीण गुड्रून शेवटचे दिवस मोजते आहे. काल मित्रांसमोर तिचं नाव काढलं, तर म्हणालास, "बाईसाहेब, ग्राझचा महामार्ग सरळसोट आहे. टायर मधोमध झिजतात!" सगळे हसले. रबराची एवढी माया असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

गुड्रून फोनवर विचारते, "कधी येतेस गं?" मी तिला घाटांची नावं सांगत बसते.

तू नकाशाशिवाय काही वाचत नाहीस, म्हणून हे पत्र देणार नाही. उद्या तोंडीच विचारेन, आणि तू नाहीच म्हणशील: एक घाट गाळून मला तिच्या हॉस्पिटलच्या दारात सोडशील का?

उल्रिके