जिकडे वळवावी तिकडे दीर्घिका

पूर्णा, ता. भिवंडी
१३ एप्रिल २०२६

चि. पूर्वीस आजीचे अ. उ. आ.

आकाशातले तारे तुला नावानिशी पाठ, आजी तेवढी विसरलीस. म्हणून ओळख देते: मी राहीबाई, तुझ्या बापाची आई. लिहून घेतेय तुझी आई. मी न्हाय म्हणते, ती नाही लिहिते, चालायचंच.

पाडव्याला येऊन तू परसात दुर्बीण लावून गेलीस. जेवणं झाली की मी रोज डोळा लावते. पांढुरका पुसट डाग दिसला की ती दीर्घिका, असं तूच म्हणालीस ना? तुला दोनच सापडल्या. मला जिकडे वळवावी तिकडे दीर्घिका! म्हणजे माझे डोळे तुझ्याहून चांगले. तेव्हा मोतीबिंदूचं ऑपरेशन मी रद्द केलंय. डॉक्टर म्हणाला, थांबलात तर उजवा डोळा जाईल. त्याला म्हटलं, आधी तू एक दीर्घिका शोधून दाखव.

लोभ आहेच, उत्तर धाडलंस तर वाढवीन.
तुझी आजी

नागपूर
१८ एप्रिल २०२६

ती. आजीस शि. सा. न.

हसू की रडू? निघताना मी दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाला झाकण लावलं होतं. आईला फोन करून विचारलं, ते अजून तसंच आहे. तिला वाटलं, ते असंच असतं! म्हणजे आजी, तू आकाश पाहिलंच नाहीस. दिसलं ते शेजारच्या गोडाऊनच्या उजेडात चमकणारं तुझ्याच डोळ्यातलं जाळं. नवी तारीख घे. सिंह राशीतल्या दीर्घिका मे महिन्यातही दिसतील, डोळा तोवर थांबणार नाही. रागाव, पण जा.

लोभ असावा, रुसवा ऑपरेशननंतर.
पूर्वी

पूर्णा
१५ मे २०२६

चि. पूर्वीस अ. उ. आ.

झालं ऑपरेशन. डॉक्टरने माझ्या सगळ्या दीर्घिका काढून टाकल्या. काल झाकण काढून बघितलं, तर नुसता काळोख. गोडाऊनच्या दिव्यांपायी डोक्यावर चादर घेतली, तरी काही नाही. तुझी आई म्हणाली, सरळ बघू नका, जरा तिरकं बघा. मला शिकवते! ती सून होऊन आल्यापासून मी तिच्याकडे असंच बघतेय. बघितलं, आणि होती गं. अंगाऱ्याचं बोट पुसल्यासारखी.

आज सकाळी तुझ्या आईकडे सरळ बघितलं. केस केवढे पिकलेत तिचे! मला कोणी सांगितलं नाही. हे ती लिहीत नव्हती, दम देऊन लिहवलं.

लोभ तुम्हा दोघींवर, कमी-जास्त मोजत बसू नका.
तुझी आजी

ता. क. संत्रा बर्फी धाड. दोन डबे, एक तुझ्या आईचा. काठोकाठ भर; आता मला दिसतं.