अण्णांबद्दलचं एक पान

मंगळवार, संध्याकाळ

उद्या डॉक्टरांना अण्णांच्या विसरण्याबद्दल एक पान लिहून द्यायचंय. आम्ही अण्णांची तिघं मुलं ते फोनवर एकाच फाइलमध्ये लिहितोय. मी बिबवेवाडीतून, महेश मांजरीतून आणि धाकटी वंदना तिच्या ऑफिसातून. चार दिवस झाले, पान अजून अर्धंच.

मी लिहिलं होतं, 'अण्णा भाजी आणायला गेले आणि घरचा रस्ता चुकले.' महेशने ते वाक्य पुसलं. मी परत लिहिलं, त्याने परत पुसलं. वंदना आमचं शुद्धलेखन सुधारत बसली होती.

आज शेवटी त्याला फोन केला. चिडूनच केला, खोटं कशाला लिहू? "मी त्यांना शोधून आणलंय. तू का पुसतोस?"

"अगं ताई, माझ्यासमोर ते अगदी नीट असतात. तू लिहितेस ते अण्णा वाटतच नाहीत."

तेव्हा सुचलं. आधी का नाही सुचलं? म्हटलं, "प्रत्येकाने आपल्या नावाखाली स्वतः पाहिलेलं लिहायचं. दुसऱ्याचं कुणी पुसायचं नाही. डॉक्टरांना आपलं एकमत नकोच आहे."

तासाभरात पान भरत आलं. अण्णांनी गोळ्या दोनदा घेतल्याचं वंदनाने लिहिलं. मला हे ठाऊकच नव्हतं. रस्त्याचं वाक्यही जागेवर राहिलं.

महेशच्या नावाखाली शेवटी एकच ओळ आली.

'दिवाळीपासून अण्णा मला त्यांच्या वारलेल्या भावाच्या नावाने हाक मारतात. मी ओ देतो.'