कण्हेरीचे कलम

मी, राधाकृष्ण श्रीमंत दारकुंडे, वय त्र्याहत्तर, सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार नेवासा, डोके ठिकाणावर असताना आणि कोणी हात धरून लिहवून घेत नसताना लिहून ठेवतो, की माझ्यामागे पुढीलप्रमाणे वागावे.

कलम १. राहते घर व अंगण मुलगा सूर्यभान याचे. बहीण बनुबाई हयात आहे तोवर माजघर तिचे, आणि देवघरात शब्दही तिचाच.

कलम २. कवितेची पुस्तके शाळेला द्यावीत. मुलांकडून कविता चालीवर म्हणवून घ्याव्यात. नुसत्या वाचल्या तर झोप येते. माझी शिडी शेजारी कारभारी यांच्याकडे आहे, ती त्यांनाच राहू द्यावी. माझ्या कविता म्हणण्याला ते 'रडगाणं' म्हणत, तेही माफ.

कलम ३. कुत्रा यमक. मी कविता म्हणताना ओळ संपली की हा बरोबर 'ऊ' लावतो, म्हणून हे नाव. बनुबाई त्याला 'यमाजी' म्हणते. तो त्यालाही शेपूट हलवतो. त्याला घरातच ठेवावे. तुळस, गुलाब, जास्वंद चघळली तर ओरडू नये. गवत खाऊन एखादे वेळी ओकला तर घाबरू नये. मात्र कण्हेर नको.

कलम ४. अंगणातली कण्हेर माझ्यामागे मुळासकट काढावी. ती माझी पत्नी कै. मुक्ताबाई हिने लावली. दुष्काळात सगळी बाग जळाली, पण हिला तिने खरकटे पाणी घालून जगवले, आणि त्याच उन्हाळ्यात स्वतः गेली. बनुबाई दर सोमवारी महादेवाला हीच फुले वाहते आणि पंचामृतात भिजलेले निर्माल्य झाडाच्या बुडाशी टाकते. मागे दुधासाखरेच्या वासाने यमकने ती फुले खाल्ली आणि ओकून ओकून आडवा पडला. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, पान, फूल, फांदी, फूल भिजलेलं पाणीसुद्धा विषारी. या खेपेला वाचला." मी कुदळ घेऊन अंगणात गेलो, गुलाबी झुबके पाहिले आणि परत आलो. सूर्यभान काढील, माझ्या डोळ्यांदेखत नको.

इतके लिहिले तोच बनुबाई आली.

"दादा, मगाधरनं काय लिव्हतोस?"

"कण्हेरीचं कलम लावलंय, बनू."

"आता गं बया! हाय तीच यमाजीला न्हेत हुती, आन् तू आनखी कलम लावलंस?"

मृत्युपत्रातले कलम, असे समजावून तिला वाचून दाखवले. ती म्हणाली, "म्हंजी तू मेल्यावर उपटायची? तवर यमाजीनं उपास धरायचा व्हय? महादेवाला बेल हाय की."

सबब कलम ४ रद्द. सूर्यभानला आजच बोलावले आहे. फांद्या जाळू नयेत, धूरही वाईट, खोल पुराव्यात. शेवटचा झुबका मुक्ताबाईच्या तसबिरीला, यमकचे तोंड पोचणार नाही इतका उंच. मोकळ्या जागी मी आणि बनू जास्वंदीचे कलम लावू. हेच आता कलम ४, आणि ते माझ्या हयातीतच अमलात यावे.

वरील मजकूर साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला. प्रत्येक कलमाच्या शेवटी यमकने 'ऊ' लावला.

स्थळ : नेवासा
दिनांक : ९ डिसेंबर १९७३

सही : राधाकृष्ण श्रीमंत दारकुंडे

साक्षीदार :
१. कारभारी बन्सी निपुंगे
२. गोरक्षनाथ भीमा कर्डिले