लेकीच्या खोलीसाठी

माय, तुझ्यावर चिडावं की तुझी माफी मागावी, हेच कळेना. सोमवारपासून फोन वाजला की आधी नाव बघते, मगच उचलते. तुझी नात लातुरात भाड्याच्या खोलीत राहून डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करते. पेपर महिन्यावर आलाय. आणि मी इथं नांदेडला शाळेत फळ्यावर गणित मांडते अन् अर्ध्यातच विसरते.

त्याच लातुरात आपण भाड्यानं राहायचो. तू दवाखान्यात नर्स. आपलं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून जात कुणाला कळत नसे, आणि तूही कळू दिली नाहीस. दारात तुळस लावलीस. बुद्धाची तसबीर कपाटात, साड्यांच्या मागं. एकदा रेणापूरहून आजा आला, खांद्यावर ज्वारीचं गठुडं घेऊन. मी आठ वर्षांची, पळत गेटाशी गेले आणि मोठ्यांदा ‘जयभीम’ म्हणाले. तू दंडाला असा चिमटा काढलास की दोन दिवस काळंनिळं होतं. मालकीणबाई ओसरीत तांदूळ निवडत होत्या. त्यांना म्हणालीस, "शेतावरचा गडी हाय. त्याचं ऐकून पोरगी बी तसंच म्हणायली." तुझा सख्खा बाप, माय! आणि तो म्हातारा तरी कसला, लगेच मान खाली घालून म्हणतो, "व्हय बाई, माल टाकला, निघतो." पाणीसुद्धा न पिता गेला. त्यावरून मी कितीतरी वर्षं तुझ्यावर डूख धरून होते.

म्हणून माझ्या लेकीला मी काही लपवायला शिकवलं नाही. भीती कशाशी खातात हेच तिला ठाऊक नाही. सोमवारी जेवताना तिच्या खोलीच्या मालकीणबाईंनी विचारलं, तुम्ही कोण? ही म्हणाली, "आम्ही बौद्ध," आणि वर आणखी भाजी मागितली. लगेच मला फोन आला. "मॅडम, तुमची लेक असं म्हणायली. खरं हाय का? मला काय न्हाई हो, पण आमच्या सासूबाईंना चालत न्हाई."

महिन्यावर पेपर, आता कोण खोली देणार, कुठं जाईल एकटी पोरगी, तिला काही बोलले तर? आणि मी हसले, माय. खोटं खोटं हसले. म्हणाले, "छे हो ताई, मैत्रिणींच्या नादानं काहीबी बोलते ती. आमच्यात तसलं काही न्हाई."

तसलं! तुझ्या तोंडूनही हा शब्द कधी निघाला नव्हता.

तिकडून एवढंच ऐकू आलं, "मम्मी?" त्या बाईनं फोन स्पीकरवर ठेवला होता. पोरगी अजून ताटावरच बसलेली.

खोली राहिली. पोरगी माझा फोन उचलत नाही. काल नुसता मेसेज आला, ‘पेपर झाला की मी स्वतः त्यांना सांगणार आहे. तोवर तुला काय घाबरायचं ते घाबरून घे.’ मी घाबरतेच आहे. ती सांगेल म्हणून, आणि सांगून झाल्यावर माझ्याकडे परत येणारच नाही म्हणूनही. मालकीणबाईंना खरं सांगायला चारदा फोन हातात घेतला, लावला एकदाही नाही.

हा कागद वहीतच राहू दे. तू असतीस तरी तुला वाचू दिला नसता. कारण खोटं बोलून झाल्यावर, तिचा आवाज येण्याआधी, मला हायसं वाटलं होतं.