क्लिअर हाय, येऊ दे

१२ मे, रविवार
वळवाचे दिवस सुरू झाले. ट्रक असोसिएशनच्या मीटिंगमध्ये वादळात गाडी कशी सांभाळावी यावर बोलायला मलाच उभं केलं. साहजिकच आहे. आमच्या तीन गाड्यांत अठरा वर्षं माझी गाडी पुढे असते. पुढच्याने रस्ता बघायचा, मागच्यांना फोनवर ‘क्लिअर हाय, येऊ दे’ म्हणायचं, मग त्यांनी यायचं. मुनव्वर आणि बाळासो माझ्या शब्दावर डोळे मिटून गाडी चालवतात, असं म्हणालो तर सगळे हसले. पुढच्या भाषणात वाक्य बदलणे.
नियम दिले. मोकळी गाडी वाऱ्यात घालायची नाही. झाडाखाली, बोर्डाखाली थांबायचं नाही. न बघता ‘क्लिअर’ म्हणायचं नाही. तिसरा नियम माझा स्वतःचा.

१६ मे, गुरुवार, दुपारी ३
पुण्यात गूळ उतरवला. तिघंही मोकळे परत. कराडच्या अलीकडे धाब्यावर जेवतोय. मुनव्वरचा फोन आला, पुढं कसं हाय? मटणाचं ताट नुकतंच आलं होतं. दक्षिणेला आभाळ जरा काळं होतं, पण धाब्यावर ऊन. ‘क्लिअर हाय’ म्हणालो. धाब्यापर्यंत क्लिअरच होतं.

तोच दिवस, सायंकाळी ६
धाब्याच्या पुढे चार किलोमीटरवर मुनव्वरची गाडी वाऱ्याने आडवी झाली. उजवा हात मोडला. जीव वाचला.
मी मागून पोचलो. बाळासोने विचारलं, तू तर पुढं होतास न्हवं? मी म्हणालो, कळल्याबरोबर यू-टर्न मारून परत आलो.
असं का म्हणालो, माहीत नाही. उद्या दुरुस्त करणे.

१८ मे, शनिवार
हॉस्पिटलमध्ये मुनव्वरची बायको शबनूरभाभी सगळ्या वॉर्डाला सांगत होती. तसल्या वादळातनं जोतीरामभाऊ मागं फिरलं, सख्खा भाऊ तरी फिरला असता का? शेजारच्या कॉटजवळ बसलेल्या म्हातारीने मला हात जोडले. मीही जोडले.
आज सांगणारच होतो. पण हातात प्लेट घालायची होती. ऑपरेशनच्या तोंडावर पेशंटला धक्का देऊ नये.

२३ मे, गुरुवार
ऑपरेशन झालं. तीन महिने स्टिअरिंगला हात लावायचा नाही. तीन महिने!
सांगायला गेलो तर मुनव्वरचे सासरे बसलेले. परक्या माणसांपुढे नको. भाभीने बिर्याणीचा डबा दिला. खाल्ली. न खाणं संशयास्पद दिसलं असतं.
रविवारी नक्की.

२६ मे, रविवार
गेलो नाही. टायर बघायचे होते.

२८ मे, मंगळवार
असोसिएशन माझा सत्कार करणार आहे. जोरात नाही म्हणालो. नकोच म्हणालो. अध्यक्ष म्हणाले, बघा, किती साधा माणूस. मूळ ठरावात शाल आणि नारळ होता, माझ्या नकारानंतर फेटाही वाढला.
एका अर्थी बरंच झालं. स्टेजवरूनच सगळ्यांसमोर खरं सांगतो. माणसात तेवढी हिंमत पाहिजे. भाषण लिहायला घेतलं आहे.

१ जून, शनिवार
सत्कार झाला. पहिल्या रांगेत मुनव्वर, हात गळ्यात बांधलेला. नारळ त्यानेच द्यायचा असं ठरलेलं. डाव्या हाताने दिला.
भाषणाचा कागद खिशातून काढला नाही. टायरच्या हवेवर वीस मिनिटं बोललो. टाळ्या पडल्या.
आक्काताईने, म्हणजे बायकोने, फोटो बघून विचारलं, एवढं तोंड पाडायला कोण मेलंय व्हय?

४ जून, मंगळवार
सांगितलं.
घरात मुनव्वर एकटाच होता. मटणाच्या ताटापासून यू-टर्नपर्यंत सगळं बोललो. तो खिडकीतून बाहेर बघत होता. मग म्हणाला, म्हाईत हाय. फोन केला तवा धाब्यावर उभ्या तुझ्या गाडीच्या बाजूनंच चाललोतो.
मग पुढं गेलास कशाला, असं मी विचारलं. आवाज थोडा चढलाच माझा. तो म्हणाला, तू सांगिटलंस म्हणून. मला वाटलं, समोरनं येणाऱ्या कुणाला तरी इचारलं असशील.
मी कुणालाच विचारलं नव्हतं. तेही सांगितलं.
भाभीला का बोलला नाहीस, विचारलं. म्हणाला, तू सांगशील म्हणून वाट बघत हुतो की. शाल घेतलीस तवा म्हटलं, आता न्हाय सांगत ह्यो.
रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. हॉस्पिटलला जायचं म्हणून शर्टाची बटणं लावून दे म्हणाला. लावली. एक बटण वरखाली झालं. परत सगळी काढून लावली.

६ जून, गुरुवार
मुनव्वरने बाळासोला फोन करून सांगितलं, हितनं फुडं तुझी गाडी पुढं, जोतीराम मागं. बाळासोने कारण विचारलं. मुनव्वर म्हणाला, त्याला लांबचं दिसंना झालंय, पर बोलू नको कुणाजवळ, मनाला लावून घेईल.
बाळासो बोलला. दुपारपर्यंत सगळ्या असोसिएशनला कळलं. दोघांनी चांगले डॉक्टर सुचवले. अध्यक्षांनी खांद्यावर हात ठेवला.
आक्काताई म्हणाली, आंधळ्यागत गाडी हाणत हुतासा आन मला सांगायचं न्हाय व्हय?

७ जून, शुक्रवार
तिने ओढतच चष्म्याच्या दुकानात नेलं. डोळे तपासले. नजर उत्तम आहे, चष्मा लागत नाही, असं तो पोरगा तिच्यासमोरच म्हणाला. तिने माझ्याकडे बघितलं.
मी म्हणालो, तरी एक करा. साध्या काचेचा चालेल.