बटणं तोडणारी घोडी

ता. ५ फेब्रुवारी

प्रिय ताई,

धाकट्याचा नमस्कार घे, भावजींनाही पोचव. मी ठणठणीत आहे. भावजींची कंबर बरी असेल, चिमणीचे पुढचे दोन दात आले असतील असं धरून चालतो. अक्षर वेडंवाकडं आहे त्याला कारण काही नाही, ते आहेच तसं. चौथीपर्यंत पट्टी मारून मारून तूच थकलीस.

बातमी अशी की मला घोडी मिळाली. मालकीची नाही गं, जबाबदारीची. आठ महिने या घोडेस्वारीच्या शाळेत मी लीद उचलली, बादल्या वाहिल्या, गवताच्या पेंढ्या रचल्या. बारा घोडे, पण माझ्या वाट्याला एकही नाही. आता एका घोडीचा खरारा, पाणी, दाणा, सगळं मी करायचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

लावणारही नाही म्हणा. ती चावते.

तिला आम्ही शिंपीण म्हणतो. शिंपी बटणं लावतो, ही तोडते. जवळ गेलेल्याच्या सदऱ्याचं बटण तिच्या दातात गेलंच म्हणून समज. आधी सगळे हसायचे. मग चिमटे काढायला लागली. आणि गेल्या आठवड्यात तिने नालबंदाचा दंड धरला. नालबंद म्हणजे घोड्यांना नाल ठोकणारा. बैलासारखा माणूस, पण रडला. सात टाके पडले.

मालकीणबाईंनी लगेच जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी दात बघितले, पाठ दाबून बघितली, पोटाखालचा तंग आवळून बघितला. दुखणंखुपणं काही नाही. म्हणाले, "ही खोड आहे, आणि खोड कुणीतरी लावल्याशिवाय लागत नाही." नऊ वर्षं ही घोडी गाईसारखी होती म्हणे. मग सगळ्यांनी वस्तादांकडे बघितलं, कारण नऊ वर्षं तिचं सगळं तेच करायचे. वस्ताद इथले सगळ्यात जुने मोतद्दार, घोड्यांची निगा राखणारे. बाईंनी त्यांना घोडीपासून लांब केलं आणि लिदेच्या गाड्यावर लावलं. माझ्या गाड्यावर. वस्तादांनी गाडा धरला आणि कामाला लागले.

नाल दीड महिन्याने बदलावे लागतात. म्हणजे मार्चच्या मध्यावर नालबंद परत येणार. त्या दिवशी घोडी नीट उभी राहिली नाही, तर तिला दलालाला द्यायचं बाईंनी ठरवलंय. हा दलाल कुणाला नको असलेले घोडे नेतो. कुठे नेतो, ते कुणी विचारत नाही.

पण तू काळजी करू नकोस. मी तिला सरळ करतो की नाही बघ. आणि या बाई आधीच्या मालकांसारख्या नाहीत. त्या पाच जणांविषयी मी तुला लिहिलं होतंच.

इथे थंडी ओसरली. जेवण बरं आहे.

तुझा,
धाकटा


ता. १३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. हे पत्र लहान आहे, कारण जेवणाची सुट्टी लहान आहे.

मी एक डोकं लढवलं. दाण्याच्या खोलीच्या दाराला आतून खडूने एक माणूस काढला, पुढून. डोकं, हात, सदरा, सगळं. मग एकेकाला विचारलं, तुला कुठे चावली? आणि तिथे फुली मारली. तबेल्यातली पोरं म्हणाली, आला मोठा फौजदार. पण सांगितलं सगळ्यांनी. एकोणीस फुल्या झाल्या. सतरा एकाच जागी, छातीवर डाव्या बाजूला. एक मनगटावर, एक नालबंदाच्या दंडावर. नालबंदाचं नीट विचारलं, तेव्हा कळलं की त्याच्या कातडी ॲप्रनला छातीवर खिसा आहे, त्यात तो खिळे ठेवतो. घोडीने आधी तिथेच तोंड घातलं होतं. त्याने कानशीच्या मुठीने तिच्या नाकावर हाणली, तेव्हा तिने दंड धरला.

मला वाटलं, शाबास, आता शोध लागलाच. वस्ताद दाणा न्यायला आले तेव्हा मी त्यांना चित्र दाखवलं. त्यांनी बादली खाली ठेवली.

"कुणाचं चित्र?"

"कुणाचं नाही. माणसाचं."

"खिसा चांगला काढलायस," म्हणाले. "बटणासकट."

आणि बादली उचलून गेले.

बाकी सर्व ठीक. हवा कोरडी आहे. एखादवेळेस माझा मुक्काम हलेल, अजून नक्की नाही. कळवतो.

धाकटा


ता. २४ मार्च

प्रिय ताई,

तुला आणि भावजींना नमस्कार. चिमणीला दोन पापे, एक दाताचा आणि एक बिनदाताचा. हे पत्र मोठं आहे. हातातली भांडी आधी आवरून घे.

मागच्या पत्रात मी मुक्काम हलेल असं लिहिलं. का, ते लिहिलं नाही. आता लिहितो.

घोडीला खोड मी लावली.

आल्या आल्या मला इथे कुणी विचारत नव्हतं. पोरं बोलवायची ती फक्त गाडा ढकलायला. एकदा मी सदऱ्याच्या खिशात साखरेचे खडे ठेवले होते, चहातले वाचवलेले. शिंपिणीने, तेव्हा ती शिंपीण नव्हती, नाकाने खिसा हुंगला. मी एक खडा दिला. दुसऱ्या दिवशी खिशाचं बटण लावून उभा राहिलो. तिने ओठाने खटपट केली, मग दातात धरून बटण उडवलं. जी पोरं माझ्याकडे बघत नव्हती, ती पोट धरून हसली. मग काय, रोजचा खेळ झाला. "ए भिंगरी, दाखव तुझ्या घोडीची करामत." भिंगरी म्हणजे मी, एका जागी उभा राहत नाही म्हणून. वस्ताद दुपारी जेवायला गेले की आमचा तमाशा सुरू. सात महिने, ताई. साखर मिळाली की बटण, बटण मिळालं की साखर. मग ती सगळ्यांच्याच खिशाशी जायला लागली. खिशात साखर नसली की चिडायची, माणूस तिच्या तोंडावर मारायचा, मग मार चुकवायला ती आणखी झटकन चावायची. गरीब जनावर, तिला वाटायचं माणसाला असंच उघडतात.

हे मला पाच फेब्रुवारीलाही ठाऊक होतं. तुला पत्र लिहिताना ठाऊक होतं. मनाशी म्हणत होतो, नसेल तसं. फुल्या मारल्या त्या दुसरं काहीतरी निघेल म्हणून.

वस्ताद खिसा म्हणाले, त्याच दुपारी मी पिशवी भरली. पोरं जेवत होती. फाटकापर्यंत गेलो, तर समोरून वस्ताद लिदेचा गाडा ढकलत येत होते. पासष्टीचा माणूस, दोन्ही गुडघे गेलेले. पिशवी लपवायला जागाच नव्हती. म्हणाले, "फाटक धर जरा." मी धरलं. गाडा आत घेतला, घाम पुसला आणि पिशवीकडे न बघता म्हणाले, "जायचंय तर जा. पण आधी घोडीला पाणी दाखव. माझ्या हाताला मनाई आहे, आणि दुसरा कुणी जात नाही."

काय करणार? गेलो पाणी दाखवायला. ती प्यायली, तोंड वर केलं आणि सरळ माझ्या खिशाशी आली. खिसा रिकामा होता. ताई, ती माझ्यावर चिडली नाही, नुसती शोधत राहिली.

मी पिशवी तिथेच ठेवली आणि बाईंच्या खोलीत गेलो. बोललो एकदाचं. त्यांनी चष्मा काढला.

"रोज द्यायचास?"

"रोज."

"का?"

"सगळे हसायचे."

"हसणारे आता कुठायत?"

त्या म्हणाल्या, वस्ताद आजपासून घोडीकडे परत. मी म्हटलं, बाई, एक मागणं आहे. वस्तादांनी सांगावं आणि मी करावं, मी लावलेलं मलाच काढू द्या. त्या म्हणाल्या, नालबंद येईपर्यंत मुदत आहे, दलालाचं ठरलंय ते ठरलंय. "आणि माझं?" म्हटलं. "तुझं नंतर बघू."

वस्तादांनी पहिल्या दिवशी माझ्या सदऱ्याचा खिसा उसवला. खरंच, कात्रीने. सगळ्या पोरांचेही उसवले. हाताने कुणी काही द्यायचं नाही, साखर नाही, गाजर नाही, गवताची काडीही नाही. जे खायचं ते बादलीत. मारायचंही नाही. "मारलंस की तिला वाटतं खेळ सुरू झाला," म्हणाले. कान मागे गेले, नाकपुडी आखडली, ओठ ताठ झाला, की दात यायच्या आधी मी तिच्या खांद्याकडे एक पाऊल टाकायचं आणि तिला मागे सारायचं. न ओरडता. ती मागे झाली की थांबायचं. तोंड समोर ठेवून शांत उभी राहिली, तर मानेच्या खाली, जिथे तिला आवडतं, तिथे खरडायचं. एवढंच. दिवसातून शंभर वेळा एवढंच. मी एका जागी शंभर मोजेपर्यंत कधी उभा राहिलो होतो का, तूच सांग.

पहिले पाच दिवस बरे गेले. मग ती बिघडली. आधीपेक्षा दुप्पट. खिसा नाही म्हटल्यावर तिने बाही फाडली, टोपी नेली आणि आठव्या दिवशी माझा खांदा धरला. वांग्यासारखा काळा झाला होता. मी बाहेर येऊन भिंतीला टेकून बसलो आणि म्हटलं, वस्ताद, हे काही होत नाही. पिशवी डोळ्यांपुढे यायला लागली होती.

वस्ताद म्हणाले, "दुकान बंद झालं, तर गिऱ्हाईक आधी जोरात दार वाजवतं. मग घरी जातं. तू दार उघडू नकोस म्हणजे झालं."

पोरांपैकी एकाने मध्येच लपून गाजर दिलं. त्याची मी अशी हजेरी घेतली की तो म्हणाला, तू वस्तादांचा बाप झालास. मला राग यायला हवा होता, आला नाही.

तिसऱ्या आठवड्यात गिऱ्हाईक घरी गेलं. एकदम नाही. एक दिवस तीनदा, मग एकदा, मग एकदाही नाही. मी खरारा करत होतो, ती वळली, माझ्या छातीशी नाक आणलं, नुसता श्वास सोडला आणि पुन्हा समोर बघायला लागली. मी रोजच्यासारखं मानेखाली खरडलं. तिचं अंग सैल होतं.

आणि मग अठरा मार्च. नालबंद आला. तोच ॲप्रन, तोच खिसा, दंडावर टाक्यांची रेघ. मी म्हटलं, खिसा उसवा. तो म्हणाला, "खिळे काय तुझ्या तोंडात ठेवू?" वस्ताद म्हणाले, राहू दे. खिशापुढे उभी राहिली तरच खरं.

बाई कठड्याशी उभ्या होत्या. त्यांच्या शेजारी दलाल, हातात नवीकोरी दोरी. घोडीच्या तोंडाशी मी. लगाम सैल धरायचा, असं वस्तादांनी बजावलं होतं. आवळलास तर तिला कळेल तू घाबरलायस.

पहिला पाय झाला. दुसरा झाला. तिसऱ्याला वाकलेला नालबंद खिशातून खिळा काढायला सरळ झाला आणि तिने मान वळवली. नाक थेट त्याच्या खिशावर. तो जागीच गोठला. कान बघितले, मागे नव्हते. ओठ बघितला, सैल होता. मी जागेवरून हललो नाही, ओरडलो नाही, लगाम आवळला नाही. तिने खिळे हुंगले, नाक फुरफुरवलं आणि स्वतःहून तोंड समोर केलं.

नालबंदाने श्वास सोडला. "ही ती घोडी नाही," म्हणाला. "बदलून आणलीत."

"तीच आहे," बाई म्हणाल्या. "पोरगा बदललाय."

चौथा नाल बसला तेव्हा दलाल दोरी गुंडाळून फाटकाबाहेर पडला होता. पोरांनी बादल्या वाजवल्या. घोडी दचकली, पण चावली कुणालाच नाही. वस्तादांनी माझ्या दुखऱ्या खांद्यावर थाप मारली, मुद्दाम त्याच खांद्यावर, आणि लगाम माझ्या हातून घेतला नाही. बाई जाता जाता म्हणाल्या, "दीड महिन्याने पुन्हा नाल बदलायचेत. घोडी तूच धर." माझं काय, त्याचा निकाल हाच.

आता शेवटचं. ते पाच मालक, ज्यांच्याविषयी मी तुला लिहिलं, त्यातला एकही वाईट नव्हता. गिरणीत पट्टा माझ्यामुळे तुटला. बेकरीतली रात्रपाळी मी झोपून काढली. बाकी तिघांचं पुन्हा कधी सांगेन, तोंडाने. दरवेळी कुणीतरी विचारायच्या आत मी निघालो, आणि तू विचारायच्या आत तुला त्यांचीच कागाळी लिहिली. तू माझ्या बाजूने त्यांना शिव्या घातल्या असशील, त्या परत घे.

आणि तीन वर्षांत मी तुला एकाही पत्रावर पत्ता लिहिला नाही. म्हणायचो, राहून गेला. राहून गेला नव्हता. तुझं उत्तर येईपर्यंत त्या जागी असेन, याची मलाच खात्री नसायची.

या पाकिटाच्या मागे पत्ता लिहिलाय. फाटकावरची पाटी बघून, अक्षर न् अक्षर लावून लिहिलाय, पोस्टमनला लागेल. रागाचं लिही, लांबलचक लिही, चिमणीकडून रेघोट्या काढून घे. सावकाश पाठव, घाई नाही.

मी इथे आहे.

तुझा,
धाकटा